पडद्यामागचे एक्केचाळीस

मार्लिस एंगेब्रेटसन एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवते आहे. आमच्या बेल प्रेरीत निम्म्या लोकांना तिनं कधी ना कधी शाळेत पोचवलंय आणि उरलेल्यांच्या मुलांना पोचवते आहे. गावाबाहेर धान्याच्या कोठाराजवळ रेल्वेचे रूळ आडवे येतात. तिथून आठवड्यातून एक मालगाडी जाते, तीसुद्धा बुधवारी. पण शाळेच्या बसचा नियम म्हणून मार्लिस रोज जाताना आणि येताना तिथे बस उभी करते, दार उघडते, मुलांना गप्प बसवते आणि कान देऊन ऐकते. बाहेर बर्फाचं वादळ असलं तरी दार उघडतेच. मागच्या बाकावरची मुलं कुडकुडत ओरडतात, "आज सोमवार आहे, मार्लिस!" तिचं उत्तर ठरलेलं, "गाडीला कॅलेंडर वाचता येत नाही रे बाबा."

अशी ही नेमाची बाई. म्हणूनच मार्चमध्ये जे झालं ते तिच्या हातून व्हावं ह्याचं गावाला जास्त नवल वाटलं.

दर गुरुवारी संध्याकाळी ड्वेन कुबियाकच्या खेळांच्या दुकानात, मागच्या खोलीत, मार्लिसचं टेबल लागतं. बावीस वर्षं. मी त्यातली सात वर्षं तिथे बसते आहे, पाट्यांवर आणि नकाशांवर लिंबूपाण्याचे डाग पाडत. खेळ तसा सोपा. प्रत्येकानं आपलं एक मनातलं माणूस घ्यायचं, कुणी जादूगार, कुणी वनरक्षक, कुणी चोर. सूत्रधार सांगणार की समोर काय आहे, आपण सांगायचं की आपण काय करतो, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचे फासे ठरवणार, आकडा जितका मोठा तितका टाकणाऱ्याचा फायदा. खेळाडूंचे फासे सगळ्यांसमोर पडतात. सूत्रधाराचे फासे मात्र पुठ्ठ्याच्या पडद्यामागे पडतात. मार्लिसचा पडदा चार घड्यांचा आहे, कडा चिकटपट्टीनं तीनदा सांधलेल्या, आणि एका कोपऱ्यावर कुणीतरी फार वर्षांपूर्वी काढलेली एक शेळी आहे.

आता त्या पडद्यामागे जे पडतं तेच सूत्रधार सांगतो असं नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. नवखी मुलगी पहिल्याच दिवशी मरायला आली, तर पडद्यामागच्या एकोणीसचे सहा होतात आणि राक्षसाचा वार हुकतो. ह्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. पोळी एका बाजूनं करपली की आपण ती बाजू खाली घालून वाढतोच की. मार्लिस त्यात पटाईत होती. बावीस वर्षांत तिनं किती जणांना जिवंत ठेवलं त्याची मोजदाद तिलाही नाही.

ह्या वर्षी मार्चच्या पहिल्या शनिवारी ड्वेनच्या दुकानात खेळांचा दिवस होता. तसा तो दरवर्षी असतो. पण ह्या वेळी खिडकीत ती पेटी होती.

पेटी 'टिन लँटर्न' नावाच्या छोट्या प्रकाशनाची. रोझलिन टेट नावाची शेजारच्या तालुक्यातली एक मुलगी ते एकटी चालवते. तिच्या नव्या खेळाच्या फक्त तीनशे पेट्या निघाल्या होत्या, प्रत्येकीवर हातानं घातलेला क्रमांक. आत कापडावर छापलेला नकाशा, पत्र्याचा एक कंदील, आणि मधासारख्या रंगाचे फासे. नव्या खेळाचा बोलबाला व्हावा म्हणून रोझलिननं दहा दुकानांना एकेक पेटी फुकट वाटायला दिली होती. दोन आठवडे ती खिडकीत होती आणि दोन आठवडे ड्वेन रोज सकाळी काचेवरचे नाकांचे ठसे पुसत होता.

फुकट वाटणं हे त्या धंद्यात सोपं राहिलेलं नाही. कुठेतरी कुणीतरी बक्षीस लावतं आणि मग म्हणतं, आधी आमच्याबद्दल चांगलं लिहा, पाच तारे द्या, तुमच्या दहा मित्रांचे पत्ते द्या. कुठे बक्षीस नेमकं मालकाच्या मेहुण्याला लागतं. रोझलिनला ह्याचा इतका तिटकारा की तिनं पेटीसोबत दोन पानी नियम पाठवले होते. कुणाकडून स्तुती लिहून घ्यायची नाही. पत्ता मागायचा नाही. काही विकत घ्यायची अट नाही. एक माणूस, एक चिठ्ठी. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की फासे सर्वांसमोर, उघड्यावर टाकायचे, आणि टाकणाऱ्यानं तसं सही करून कळवायचं.

ड्वेननं पहिलं पान वाचलं होतं.

त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी बुटांचा ढीग, त्याखाली वितळलेल्या बर्फाचं तळं. ड्वेनच्या बायकोनं चीजचे तळलेले तुकडे दोन मोठ्या परातींत ठेवले होते ते अकरालाच संपले, मग शेजारच्या बेकरीतून आणखी काही मागवावं लागलं. सात टेबलं एकाच वेळी चालू. एकाकडे जहाज बुडत होतं, दुसरीकडे राणीची वरात, आणि मध्येच कुणीतरी खुर्ची पाडून उभं राहत होतं कारण वीस पडले. चार वाजता बक्षीस काढायचं, त्यामुळे साडेतीनपासून सगळ्यांचं अर्धं लक्ष खिडकीकडे. शहाण्णव चिठ्ठ्या झाल्या होत्या, यादीत प्रत्येकीला एक क्रमांक, आणि फाशांवर पडेल तो क्रमांक जिंकणार.

फासे कोण टाकणार हे विचारायचीही गरज नव्हती. मार्लिस. तिच्या प्रामाणिकपणावर गावात बँकसुद्धा कर्ज देईल.

चार वाजता लोक मागच्या खोलीत दाटीवाटीनं उभे राहिले. मार्लिसचा खेळ नुकताच संपला होता, पडदा टेबलावर तसाच उभा. ती आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली, ड्वेननं तिच्यापुढे नावांची यादी ठेवली, तिनं दहा बाजूंचे दोन फासे उचलले, एक दशकाचा, एक एककाचा, आणि बावीस वर्षांच्या सवयीनं ते पडद्यामागे टाकले.

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिचे फासे दुसरीकडे कुठे पडलेले कुणी पाहिलेच नव्हते.

फासे खडखडून थांबले. मार्लिसनं खाली पाहिलं, यादीवर पाहिलं, मग वर पाहिलं. दाराशी आर्डिथ सोबचाक कोट घालून, हातात गाडीची किल्ली घेऊन उभी होती. तिची पाळी साडेचारला सुरू होणार होती. आर्डिथ पाळी नसेल त्या गुरुवारी आमच्याच टेबलावर असते आणि एरवी वृद्धाश्रमात काम करते. तिथल्या म्हाताऱ्यांना ती दर रविवारी हाच असला खेळ खेळवते, ड्वेनकडे छायाप्रती काढलेल्या फिकट कागदांवर, लुडोतल्या फाशांनी.

"सत्तेचाळीस," मार्लिस म्हणाली.

आर्डिथला आधी कळलंच नाही. मग तिनं किल्ली खाली टाकली. मग जो गलका झाला तो रस्त्यापलीकडच्या केशकर्तनालयात ऐकू गेला. कुणी टेबलं बडवत होतं, कुणी आर्डिथला मिठी मारत होतं, ड्वेन पेटी डोक्यावर धरून गर्दीतून वाट काढत होता. आर्डिथ पेटी छातीशी धरून पळाली ती गाडीपर्यंत बुटांची नाडी न बांधताच.

गलका ओसरल्यावर ड्वेननं मार्लिसपुढे रोझलिनचं दुसरं पान ठेवलं. "एवढी सही कर गं. फासे सर्वांसमोर टाकले म्हणून. औपचारिकता."

मार्लिसनं ते पान वाचलं. परत वाचलं. चष्मा गाडीत राहिलाय म्हणाली, चष्मा तिच्या नाकावर असताना, आणि पान घडी करून खिशात घातलं.

रविवारी तिचा मला फोन आला. भाजलेल्या बटाट्यांबद्दल काहीतरी विचारत होती. मार्लिस भाजीबद्दल विचारायला फोन करणारी नाही, म्हणून मी ऐकत राहिले. पाच मिनिटांनी ती म्हणाली की फासे एक्केचाळीस पडले होते.

एक्केचाळीस म्हणजे लाइल फ्रॉमिंग.

लाइलबद्दल सांगायला हवं. हिवाळ्यात तो तालुक्याचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. उरलेल्या वेळात जुने खेळ गोळा करतो आणि इंटरनेटवर विकतो. गावातल्या कुठल्याही बक्षिसात त्याला काही लागलं, तर दुसऱ्या दिवशी त्या वस्तूचा फोटो विक्रीला लागलेला असतो. आमच्या टेबलावर तो अकरा वर्षं बसतोय, भिंतीकडच्या खुर्चीत, आणि त्याचे जादूगार मरतात. आतापर्यंत चार मेले. एक तर बर्फाच्या गुहेत गोठून मेला. त्यावर आम्ही वर्षभर हसलो, कारण बर्फ काढणारा माणूस बर्फानं मेला.

"तो विकणार होता गं," मार्लिस मला म्हणाली. "आर्डिथकडे ती म्हातारी माणसं आहेत. मला काही मिळालं नाही ह्यात."

मी म्हटलं, मग सही करून टाक.

मग तिनं विचारलं की बटाट्यांना झाकण ठेवायचं की नाही.

सोमवारी सकाळी रुळांपाशी तिनं बस थांबवली, दार उघडलं, मुलांना गप्प केलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं. कान देऊन उभी राहिली. सोमवार, गाडी येणार नव्हती हे तिला माहीत होतं, आणि दार उघडं ठेवून, थंडी आत येत असताना, तिच्या मनात आलं की मी हा नियम एकतीस वर्षांत एकदाही माझ्या अकलेनं मोडलेला नाही. तिथे मला काय वाटतं ते कधी विचारलंच नाही. मग शनिवारी का विचारलं?

दुपारची फेरी झाल्यावर तिनं मला घरून उचललं. "तू फक्त गाडीत बस," म्हणाली. पण लाइलच्या अंगणात पोचल्यावर माझ्या बाजूचं दार तिनंच उघडलं.

लाइल गॅरेजमध्ये होता. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर खेळांच्या पेट्या, प्रत्येकीला पारदर्शक वेष्टन. आमच्या घरी लोणच्याच्या बरण्या जशा लागतात तशा, पण ह्या कुणी उघडायच्या नव्हत्या. मार्लिसनं आडवळण घेतलं नाही. फासे काय पडले, तोंडातून काय निघालं, का निघालं, सगळं चार वाक्यांत सांगितलं आणि हात कोटाच्या खिशात घालून उभी राहिली.

लाइलनं हातातला स्क्रूड्रायव्हर नीट जागेवर ठेवला.

"गुहेतला माझा जादूगार," तो म्हणाला. "तो खरा मेला होता?"

"हो. थंडीत कोण तगतं त्याचे फासे मी पडद्यामागे टाकत होते. तुला तीन पडले होते. मी तीनच सांगितले."

"आणि त्याच गुहेत आर्डिथची वनरक्षक वाचली. तिला किती पडले होते?"

मार्लिस माझ्याकडे पाहू लागली. मी फळीवरच्या पेट्या मोजायला लागले.

"दोन," मार्लिस म्हणाली. "मी सोळा म्हटलं होतं."

लाइलनं मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. "अकरा वर्षं मी समजत होतो की माझं नशीब फुटकं आहे. बायकोला पण तेच सांगत होतो. माझं नशीब सगळ्यांसारखंच होतं गं, फक्त मी तुझ्या आवडत्यांत नव्हतो."

मला वाटलं मार्लिस रडेल. ती रडली नाही. ती इतकंच म्हणाली की तसं तिनं कधी ठरवून केलं नव्हतं.

"ते मला कळतंय. तेच तर वाईट आहे," लाइल म्हणाला. "आणि ऐक, मी ती पेटी विकली असती. रविवारीच फोटो टाकला असता. मग? मला लागली होती. फुकट दिलेल्या वस्तूचं मी काय करीन ह्याची परीक्षा घेऊन कुणी ती देत नाही. परीक्षाच घ्यायची होती तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या?"

त्यानं खुंटीवरचा कोट काढला आणि म्हणाला, पेटी आणायला जातो. मार्लिस म्हणाली, आर्डिथला आधी मी सांगते. तिनं तिथूनच फोन लावला. आर्डिथ काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण मार्लिसची मान खाली खाली जात राहिली, आणि शेवटी ती म्हणाली, "नाही गं, तुझी काही चूक नाही. तो येतोय. देऊन टाक."

पुढचं आर्डिथनं सांगितलं. ती वृद्धाश्रमात पेटी पुन्हा बांधत होती तेवढ्यात लाइल पोचला. पण पेटी बांधण्यासारखी उरलीच नव्हती. रविवारी म्हाताऱ्यांनी ती जेवणाच्या खोलीत उघडली होती. पत्र्याचा कंदील कुणाच्या तरी चाकाच्या खुर्चीला टांगलेला. कापडी नकाशावर सफरचंदाच्या सॉसचा डाग. आणि पात्रांचे छापील कागद सगळ्यांनी शाईनं भरून टाकलेले, कारण पेन्सिलीचं त्यांना दिसत नाही. एक्क्याण्णव वर्षांचा ऑर्व्हिल नावाचा माणूस, जन्मभर दुधाची डेअरी चालवलेला, त्यानं स्वतःला सव्वीस वर्षांचा चोर केलं होतं आणि 'स्वभाव' ह्या रकान्यात लिहिलं होतं, 'चपळ'.

लाइल दारात उभा राहून पेटीकडे बघत होता. ऑर्व्हिलनं त्याला विचारलं, हा नवा माणूस खेळतो का नुसता उभा राहतो? कारण त्यांचं घोडं एका कुलपावर अडलं होतं आणि आर्डिथला ते कुलूप उघडायचा नियम सापडत नव्हता.

लाइलला तो नियम माहीत होता. त्यानं ती पेटी विकत मिळत नसताना तिच्याबद्दलचा प्रत्येक शब्द वाचून ठेवला होता.

संध्याकाळच्या जेवणापर्यंत तो तिथे होता. परत येताना त्याचे हात रिकामे. मार्लिसच्या दारात उभं राहून त्यानं कुरकुर केली की सगळं शाईनं चिताडून ठेवलंय, असला माल कोण घेणार, राहू दे त्यांच्याकडेच. मग म्हणाला, "पण गुरुवारी तू सगळ्यांना सांगायचं. आणि तो पडदा मला परत दिसता कामा नये."

मार्लिसनं रोझलिन टेटच्या त्या पानावर सही केली नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं पत्र लिहिलं, काय झालं ते, जसंच्या तसं, बसच्या नोंदवहीत लिहितात तशा भाषेत. ड्वेननं त्याचा फोटो काढून पाठवला. बुधवारी उत्तर आलं. पुढच्या वर्षी ह्या दुकानाला पेटी मिळणार नाही. पेटीचं काय करायचं ते फ्रॉमिंग ठरवतील, ती त्यांची आहे. आणि खाली एक ओळ: दहा दुकानांपैकी नऊंकडून सही आली, पत्र एकट्या तुमच्याकडून आलं, त्या नऊ सह्यांचं काय करावं ह्याचा मी आता विचार करते आहे.

ड्वेनला पुढच्या वर्षीची पेटी गेल्याचं फार लागलं. दुसरं पान न वाचल्याचं त्याहून जास्त.

गुरुवारी टेबलाभोवती आम्ही तेरा जण होतो. आर्डिथनं सुट्टी घेतली होती. मार्लिस उभी राहिली, तिनं शनिवारचं सांगितलं, गुहेचं सांगितलं, आणि म्हणाली की आणखी किती वेळा असं झालं ते तिला आठवत नाही, पण पुष्कळ वेळा. प्रत्येक जण आपापले विजय आठवत होता, हे मला चेहऱ्यांवरून कळत होतं, कारण मीही तेच करत होते. त्या पुलावरच्या लढाईत माझी वैद्यबाई वाचली होती. खरंच वाचली होती का? दोघं जण कोट घालून निघून गेले. त्यातला एक पंधरा दिवसांनी परत आला. दुसरा आलाच नाही.

लाइल आपल्या भिंतीकडच्या खुर्चीत बसून राहिला. त्यानं फासे पिशवीतून काढले आणि ओळीनं मांडले. "चला," तो म्हणाला. "की आज नुसताच कबुलीजबाब?"

मार्लिसनं पडदा मिटला. चार घड्या एकावर एक, शेळी सगळ्यात वर. तो तिनं खुर्चीखाली सरकवला. टेबलाची तिची बाजू इतकी मोठी आणि इतकी रिकामी आम्ही कधी पाहिली नव्हती.

मग खेळ सुरू झाला, आणि देवाशपथ, बावीस वर्षांत तसा झाला नसेल. तिचा प्रत्येक फासा आमच्या डोळ्यांसमोर. पहिल्या तीन फेऱ्यांत आम्हाला कळलं की आपण इतकी वर्षं गादीवर पडत होतो. आता खाली फरशी होती. कुणी नुसतं दार उघडतो म्हटलं तरी सगळे पुढे वाकायचे. चहाचे पेले गार झाले, बेकरीच्या खोक्याची दोरीसुद्धा कुणी सोडली नाही.

आठ वाजायच्या सुमाराला नदीतला तो प्राणी वर आला. आर्डिथची वनरक्षक काठावर एकटी, नऊ वर्षं जुनी, आमच्या सगळ्यांची लाडकी. मार्लिसनं वीस बाजूंचा फासा टाकला. तो तिच्या थर्मासला आपटला, भिरभिरला आणि थांबला. वीस.

मार्लिसचा हात आपोआप पुढे आला, जिथे पडदा असायचा तिथे. हवेतच थांबला. अकरा डोकी त्या फाशावर वाकलेली. सहा म्हणण्याचा काही मार्गच नव्हता.

"वीस," मार्लिस म्हणाली. "प्राण्यानं तिला पाण्यात ओढलं. आर्डिथ, मला माफ कर. कुणी लगेच काही केलं नाही तर ती गेली."

आर्डिथ पांढरीफटक पडली होती, पण तिचे डोळे असे चमकत होते की काय सांगू. आपली वनरक्षक आता खरोखरच मरू शकते, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

"माझी पाळी आहे," भिंतीकडून लाइल म्हणाला. "माझा जादूगार उडी मारतो."

"नदीत? मार्चमध्ये?" ड्वेन दारातून ओरडला. तो गल्ला उघडा टाकून आत आला होता.

"बर्फाची सवय आहे त्याला. किती लागतील?"

"पंधरा," मार्लिस म्हणाली. "पंधरा किंवा वर. कमी पडले तर दोघंही."

लाइलनं फासा तळहातावर घोळवला. आम्ही सगळे उभे होतो, कधी उभे राहिलो ते कुणालाच आठवत नाही. त्यानं फासा टाकला तो मुद्दाम मार्लिसच्या बाजूला, जिथे बावीस वर्षं पुठ्ठा उभा होता त्या रिकाम्या जागेत. फासा लोळत गेला, नकाशाच्या कडेला अडखळला, एकदा कलंडला, थांबला.

अकरा जण एकदम ओरडले. लाइलची खुर्ची मागे पडली आणि आर्डिथ टेबलावरून वाकून त्याच्या बाह्या ओढत होती. मार्लिसनं, सवय ती सवय, आकडा मोठ्यानं जाहीर केला.

"सतरा," ती म्हणाली. पण ते तिच्या आधी आम्ही सगळ्यांनी वाचलेलं होतं.